चीननं दूध कमी मागवलं तर आमचा पगार का उतरतो?

प्रश्न : सर, आमच्याकडं दोन जर्शी आणि एक पंढरपुरी म्हैस आहे. मागच्या तीन पगारांत (म्हणजे डेअरीच्या दुधाच्या बिलांत) गाईच्या दुधाचा दर उतरलाय. दूध संकलन सेंटरवाला म्हणतो, चीनमध्ये मागणी नाही म्हणून पावडर उठंना. आमचं दूध जातं पुण्याला, चीनचा काय संबंध? गंडवतोय का? — एक ताई, मोहोळ तालुका

उत्तर : ताई, अगदीच गंडवत नाहीये, पण अर्धंच सांगतोय.

पुण्याला पिशवीतून जातं ते सगळं दूध नाही. जे उरतं त्याची पावडर आणि बटर होतं, ३.५ टक्के फॅट, ८.५ टक्के एसएनएफच्या (एसएनएफ म्हणजे फॅट नि पाणी सोडून दुधात उरतं ते) १०० लिटर गाईच्या दुधातून साधारण ९ किलो पावडर नि ४ किलोच्या आसपास बटर. ही पावडर गोडाऊनला पडून राहिली की प्लँटवाल्याचा पैसा अडकतो आणि मग तो पहिला हात घालतो तुमच्या दरात. बाहेर भाव चांगला असला तर आपली पावडर जाते, बाहेर पडला की इथंच तुंबते. आणि बाहेरचा भाव बऱ्यापैकी चीनच्या हातात, कारण जगात सगळ्यात जास्त दुधाचे पदार्थ विकत घेणारा तोच.

हे झालं कसं तर २००८ मध्ये तिकडं दुधात मेलामाईन नावाचं विषारी केमिकल घातलेलं सापडलं. पाणी घातलेलं दूध टेस्टला प्रोटीन कमी दाखवतं, ते वाढवून दाखवायला ही पूड, आपल्याकडं युरिया घालतात ना, त्यातलाच प्रकार. सहा लेकरं गेली, तीन लाखांच्या आसपास आजारी पडली. मग तिथल्या आईबापांचा लेकरांच्या दूध पावडरीच्या देशी डब्यावरचा विश्वासच उडाला नि न्यूझीलंडची चांदी झाली, त्याच वर्षी दोघांचा मुक्त व्यापार करार पण झालेला. २०१३ ला होल मिल्क पावडर (फॅट न काढलेल्या दुधाची) टनाला ५००० डॉलरच्या वर गेली. मग चीननं हात आखडला, २०१४ मध्ये रशियानं युरोपचा माल बंद केला, एप्रिल २०१५ ला युरोपनं दूध उत्पादनावरची मर्यादा, म्हणजे कोटा, उठवला, आणि ऑगस्ट २०१५ ला तीच पावडर १६०० च्या खाली! जुलै २०१८ ला आपल्याकडं रस्त्यावर दूध ओतलं ते आठवतंय ना, त्यामागं पण साठलेली पावडर होतीच.

आता तर चीननं स्वतःच हजारो गाईंचे गोठे उभे केलेत आणि तिकडं पोरंच कमी जन्मतायत, २०१६ ला पावणेदोन कोटींच्या वर, २०२३ ला ९० लाख. डबा पिणार कोण? त्या गाईंना सोया लागतो तो ब्राझील-अमेरिकेतून जातो, म्हणजे सोयापेंडीच्या भावालाही चीनचं बोट लागतंच.

पण सेंटरवाल्याला एक विचारा, बाहेर पावडर चढली होती तेव्हा दर किती वाढवलेला? उतरताना चीन लगेच आठवतो, चढताना कुणालाच आठवत नाही. जुन्या पगाराच्या पावत्या असतील तर घेऊन जा, फॅट नि डिग्री (लॅक्टोमीटरचं रीडिंग, त्यावरून एसएनएफ काढतात) पण बघा, कधी कधी दर तोच असतो आणि कटती एसएनएफमध्ये होते. म्हशीच्या दुधाला पावडरीचा एवढा धक्का बसत नाही, ते घरी नि हॉटेलात जातं, तेव्हा पंढरपुरी विकायचा विचार चालला असेल तर माझ्या मते थांबा.

प्रश्न : सोलापुरात चहाच्या गाड्यावर चिनी दूध पावडर वापरतात असं व्हॉट्सॲपवर आलंय, खरं का? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, चीनच्या दुधाच्या पदार्थांवर भारतात २००८ पासूनच बंदी आहे, ती वेळोवेळी वाढवत आणली. आणि चीन स्वतः बाहेरून पावडर घेतो, तो आपल्या गाड्यांना कुठून पुरवणार? चहा पातळ लागला असेल तर त्यात पाणी असेल, सोलापूरचंच.