स्प्रिंग बूटमध्ये मॉड्यूलनिहाय कॉन्फिगरेशन टाइपसकट कसं ठेवावं?

जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कवरच्या ॲपमध्ये पाच मॉड्यूल्स, सगळीकडे विखुरलेले ‘@व्हॅल्यू’ (कॉन्फिगरेशनमधली एकेक किंमत थेट कोडमध्ये ओढणारं ॲनोटेशन), आणि कुठली ‘की’ (सेटिंगचं नाव) कोण वापरतंय याचा कुणालाच पत्ता नाही, अशी तुमची अडचण दिसते. ‘@व्हॅल्यू’ काढून टाका. प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा प्रीफिक्स, म्हणजे त्याच्या सगळ्या ‘की’ज्‌च्या सुरुवातीचा शब्द, द्या (पेमेंटला ‘पेमेंट’, ईमेलला ‘मेल’) आणि त्यासाठी ‘@कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीज’ (त्या प्रीफिक्सच्या सगळ्या किंमती एकत्र भरणारं ॲनोटेशन) लावलेला एकच जावा रेकॉर्ड, म्हणजे फक्त डेटा ठेवणारा छोटा क्लास, ठेवा. दुसऱ्या मॉड्यूलने त्यात डोकावायचं नाही.

टाइप निवडताना मात्र हात आखडू नका. टाइमआउटसाठी ‘इंट’ (नुसता पूर्णांक) कशाला, कालावधीचा ‘ड्युरेशन’ टाइप घ्या. फाइलच्या आकारासाठी ‘डेटासाइझ’. फक्त एक खड्डा आहे: ‘ड्युरेशन’ला एकक न देता नुसतं ३० लिहिलं, तर स्प्रिंग ते ३० मिलिसेकंद धरतं. माझा अर्धा दिवस यात गेलाय. एकक नेहमी लिहा.

किंमती तपासल्या जाव्यात म्हणून रेकॉर्डवर ‘@व्हॅलिडेटेड’ लावा आणि फील्ड्सवर ‘@नॉटनल’ (रिकामं नको), ‘@मिन’ (किमान किंमत) वगैरे. म्हणजे चुकीची किंमत असेल तर ॲप सुरूच होणार नाही, रात्री दोनला फोन येण्यापेक्षा ते बरं. २.३ आवृत्तीपासून व्हॅलिडेशनचा स्टार्टर (त्यासाठीच्या लायब्रऱ्यांचा तयार संच) वेगळा जोडावा लागतो. आत आणखी रेकॉर्ड असेल तर त्या फील्डवर ‘@व्हॅलिड’ विसरू नका.

आणि हो, ‘की’चं स्पेलिंग चुकलं तर स्प्रिंग मुळात काहीच बोलत नाही, अनोळखी ‘की’ गुपचूप सोडून देतं. म्हणून जे अत्यावश्यक आहे त्याला डीफॉल्ट देऊ नका, म्हणजे ते रिकामं राहील आणि ‘@नॉटनल’ ॲप सुरू होतानाच अडवेल.