थायरॉइड जास्त झाल्यामुळे हाडं ठिसूळ होतात का? कॅल्शियम घेतलं की भरून निघतं का?

होतात. आणि नुसत्या कॅल्शियमनं भरून निघत नाही. हे घरी सांगून सांगून माझा घसा बसला होता.

आई ६२ वर्षांची असताना घरातल्या घरात घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं, कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, विषय संपला. दादा म्हणाला, "वय झालं की हाडं अशीच होतात." पण त्याआधी सहा महिन्यांत तिचं वजन ९ किलोंनी उतरलं होतं, तेही व्यवस्थित जेवत असताना! भेटेल तो "छान बारीक झालात" म्हणायचा. कप उचलताना हात थरथरायचा, रात्री छाती धडधडायची. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून बघू या म्हटलं, तर दादा म्हणे, "तू डॉक्टर आहेस का?" शेवटी वर्षभरानं मीच तिला घेऊन गेले. टीएसएच जवळजवळ शून्य, म्हणजे थायरॉइड खूप वाढलेलं. डेक्सामध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, मणक्यापेक्षा मनगटाचं हाड जास्त विरळ निघालं.

ते तसंच असतं. हाड सतत झिजतं आणि पुन्हा भरलं जातं. एका जागची ही फेरी साधारण २०० दिवसांची. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की ती जवळपास निम्म्या वेळात उरकते. झीज जोरात, भरणी अर्धवट. हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराला भोकं पडत जातात, आणि मनगटात, खुब्यात तोच थर जास्त असतो. सुटलेलं कॅल्शियम रक्तात येतं, तिथून लघवीवाटे जातं. आतड्यातूनही ते कमीच शोषलं जातं. मग वरून गोळ्या ओतून काय होणार? फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी १८९१ मध्येच अशा एका तरुणीची हाडं किड्यांनी खाल्ल्यासारखी झाल्याचं लिहून ठेवलंय. तरुणीची! वयाचा काय संबंध?

आईला कार्बिमॅझोल, म्हणजे थायरॉइड कमी करणारं औषध, सुरू झालं. दोन वर्षांनी डेक्सा सुधारला, पण सगळं भरून आलं नाही. ते वाया गेलेलं वर्ष मला आजही सलतं.

तरी पाळी गेल्यावर हाडं झिजतात हेही खरं, त्यामुळे वयाचा वाटा शून्य नाही. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टर देतील ते घ्यावंच. आणि थायरॉइड कमी आहे म्हणून गोळी घेणाऱ्यांचा डोस जास्त झाला तरी हाडांचं हेच होतं. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, टीएसएच करून डोस ठरवून घ्या. घरात कुणी "वयच झालं" म्हणत असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. माझं एक वर्ष त्यातच गेलं. सरळ रक्त द्यायला घेऊन जा.