जुलैत फुकेत नको, आणि बँकॉकची बोळवण एका रात्रीत करू नका

आपण विचारले आहे की, जुलैमध्ये आई-वडिलांना घेऊन सहा रात्रींसाठी थायलंडला जायचे असून एक रात्र बँकॉक आणि पाच रात्री फुकेत ही विभागणी योग्य ठरेल का, हॉटेल किनाऱ्यावर कुठे घ्यावे आणि माणशी खर्च किती येईल. प्रश्नाच्या शेवटी आपण एक वाक्य जोडले आहे: "बँकॉकमध्ये वडीलधाऱ्यांना दाखवण्यासारखे तसे काही नाही असे ऐकले आहे." हेच वाक्य माझ्या घरात इतकी वर्षे ऐकत आले आहे की, हॉटेल आणि खर्चाकडे वळण्यापूर्वी त्याला उत्तर देणे मला भाग आहे.

मात्र समुद्राचे आधी सांगते, कारण तो निर्णय ऋतूनेच करून टाकलेला आहे. फुकेत आणि क्राबी हे किनारे अंदमान समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून आहेत आणि मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे त्यांच्यावर थेट येऊन आदळतात. नारळी पौर्णिमेपर्यंत आपले कोळी बांधव होड्या समुद्रात घालत नाहीत, ते ज्या वाऱ्यामुळे, तोच हा वारा. त्या महिन्यांत फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, पाण्याला आत ओढणारे प्रवाह असतात, आणि फी फी बेटांकडे किंवा फांग न्गाच्या आखातात जाणाऱ्या नावा हवामान पाहून रद्द होतात. तिकडच्या हॉटेलांचे दर जुलैत निम्म्यावर का येतात, याचे कारण हेच आहे. याउलट सामुई हे बेट थायलंडच्या आखातात, द्वीपकल्पाच्या पूर्वेला आहे. मधल्या डोंगररांगा बराच पाऊस पश्चिमेलाच अडवतात, आपल्या सह्याद्रीने कोकणात पाऊस पाडून देशावर कोरडे ढग पाठवावेत तसे. जुलैत तेथे सरी येतात, पण त्या येतात आणि जातात, आणि पूर्वेकडचे चावेंग आणि लमाई हे किनारे त्या मानाने शांत असतात. सामुईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तेव्हा जुलैत सामुई आणि डिसेंबर-जानेवारीत क्राबी किंवा फुकेत, हा हिशेब पक्का धरावा. हे गणित न सांगता जुलैत फुकेतची जाहिरात करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

सामुईला जाण्यासाठी बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून थेट विमाने आहेत. ती महाग पडतात. सुरत थानीपर्यंत स्वस्त विमानाने जाऊन, तेथून बसने डोनसाकचा धक्का गाठून पुढे फेरीबोटीने जाता येते. पण आई-वडील बरोबर असतील तर त्या वाटेने जाऊ नये, कारण वाचलेल्या पैशांच्या बदल्यात अख्खा दिवस आणि त्यांची उमेद खर्ची पडते. मुंबईहून रात्री निघणारे विमान पहाटे उतरते, तेव्हा त्याच विमानतळावरून परस्पर बेटावर जावे, तीन रात्री तेथे काढाव्यात आणि शेवटच्या तीन रात्री बँकॉकला द्याव्यात. बेट शेवटी ठेवले आणि ऐनवेळी वादळी हवा आली, तर मुंबईचे विमान चुकते.

आता त्या वाक्याकडे येते. माझ्या थोरल्या बंधूंनी काही वर्षांपूर्वी आई-वडिलांना एका सहल कंपनीबरोबर थायलंडला पाठवले होते. त्या कंपनीने त्यांना सुवर्णभूमीवर उतरवून थेट सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या पट्टायाला नेले, तेथे बेटाची एक फेरी आणि रात्रीचे कार्यक्रम दाखवले, आणि बँकॉकसाठी परतीचा दिवस ठेवला. त्या दिवसाचा मोठा भाग रत्नांच्या एका दालनात गेला, जेथे माझे वडील, ज्यांनी आयुष्यात एक अंगठी घातली नाही, विक्रेत्यांच्या गराड्यात बसून राहिले. उरलेले शहर त्यांनी बसच्या काचेतून पाहिले. परत आल्यावर ते म्हणाले की, मोठे रस्ते आहेत, गर्दी आहे, बाकी विशेष काही नाही. आणि ते वाक्य दादाने उचलले. मी आईला पुन्हा घेऊन जाते असे म्हणाले, तेव्हा त्याचे म्हणणे एकच होते, "आई दमेल गं. थेट समुद्रावर ने, तिथे आराम मिळेल. बँकॉकमध्ये काय आहे?"

या आरामाविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या आई-वडिलांच्या पिढीतील बहुतेक माणसे पोहत नाहीत, उन्हात पडून राहत नाहीत, आणि साडी नेसलेल्या बाईला लाटांत घोट्यापर्यंत जाण्यापलीकडे समुद्राशी काही करायचे नसते. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास किनाऱ्यावर बसून झाले की, मधला अख्खा दिवस ती माणसे हॉटेलच्या खोलीत दूरचित्रवाणीवरच्या न समजणाऱ्या वाहिन्या पाहत काढतात आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून छान वाटते आहे असे सांगतात. तीन रात्री समुद्र पुरेसा आणि आनंदाचा होतो. पाच रात्री झाला की ती शिक्षा होते. शहराचे तसे नसते, कारण शहरात बघण्यासारखे असते, बोलण्यासारखे असते, आणि ज्याने आयुष्यभर काही ऐकले-वाचले आहे त्याला ओळखीचे भेटण्याची शक्यता असते.

माझ्या आईला ते राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केओ या मंदिरात भेटले (थाई भाषेत 'वाट' म्हणजे मंदिर). 1782 मध्ये पहिला राम या थाई राजाने बँकॉक राजधानी केली, तेव्हाचे हे राजमंदिर. पर्यटक तेथे पाचूचा बुद्ध म्हणून ओळखली जाणारी हिरव्या दगडाची सुमारे 66 सेंटिमीटरची मूर्ती पाहतात, सोनेरी स्तूपासमोर छायाचित्र काढतात आणि बाहेर पडतात. परंतु या मंदिराला चहूबाजूंनी छप्पर असलेली ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर 178 चित्रफलकांत रामाकियन, म्हणजे थायलंडचे रामायण, ओळीने रंगवलेले आहे. कथेची सुरुवात जनकाला सीता सापडते तेथून होते. ओवरीत सावली असते आणि बाहेरच्या फरसबंदीवर भाजून काढणारे ऊन असताना आत पाय पोळत नाहीत. वडीलधाऱ्या माणसांसाठी याहून सोयीची जागा त्या आवारात दुसरी नाही.

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी दर चैत्रात रामनवमीचा उत्सव होतो, आणि तेथील कीर्तने आईने लहानपणापासून बसून ऐकली आहेत. मी तिला काही सांगितले नव्हते. ती पहिल्या काही फलकांसमोरून सावकाश गेली, मग एका जागी थांबली आणि म्हणाली, "अगं थांब, हा मारुती आहे." पुढे तिने मला बोलू दिले नाही. दहा तोंडांचा हिरवा रावण तिने स्वतः ओळखला, बिभीषण ओळखला, सेतू ओळखला. सेतूच्या चित्रांत हनुमानासमोर एक मत्स्यकन्या दिसते, ती तिला कळेना. रावणाची ही मुलगी सेतूचे दगड काढून नेत असते, हनुमान तिचा पाठलाग करतो आणि तिच्याशीच त्याचे प्रेम जमते, असे मी सांगितल्यावर ती क्षणभर नाराज झाली. त्यानंतर एका फलकासमोर आम्ही आलो, जेथे हनुमान अवाढव्य रूप घेऊन बसला आहे आणि रामाचा मंडपच त्याने स्वतःच्या मुखात धरून ठेवला आहे. आई लगेच म्हणाली, "हा अहिरावण-महिरावणाचा प्रसंग. आता रामाला पाताळात नेणार." आणि खरोखर पुढच्या चित्रांत तेच होते, तिकडे त्या मायावी राक्षसाचे नाव मैयराप आहे, तो झोपेचे औषध फुंकून रामाला पळवतो, आणि पाताळाच्या वाटेवर हनुमानाची गाठ त्या मत्स्यकन्येपासून झालेल्या स्वतःच्या मुलाशी पडते. आईने तो मुलगा पाहिला आणि तिची नाराजी गेली. "हा आपला मकरध्वज," ती म्हणाली. "आपल्याकडे तो घामाच्या थेंबातून होतो, यांच्याकडे लग्नातून. पण बाप-लेकांनी एकमेकांना न ओळखता लढायचे, हे दोन्हीकडे आहेच की."

तिचा आवाज कीर्तनकारासारखा चढला होता. मागून एक वयस्कर मराठी जोडपे येऊन थांबले. खानदेशातील असावे असे बोलण्यावरून वाटले. त्या काकांनी विचारले, "ताई, हे सगळं रामायण आहे का? आम्हाला कुणी सांगितलं नाही." आईने त्यांना तीन-चार फलक समजावून सांगितले. तेवढ्यात त्यांच्या गटाचा मार्गदर्शक हातातील झेंडी हलवत आला आणि बस सुटते आहे, पुढे दागिन्यांचे दालन आहे, असे म्हणून त्यांना घेऊन गेला. काकू जाताना दोनदा वळून भिंतीकडे पाहत होत्या. माझे वडील त्या पहिल्या सहलीत कसे परतले असतील, हे मला तेव्हा डोळ्यांसमोर दिसले, आणि दादाशी चाललेल्या वादात मी तेव्हापासून एक पाऊलही मागे घेतलेले नाही. जे दाखवलेच नाही ते तेथे नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आई त्या दिवशी दमली नाही असे मी म्हणत नाही. दमली, पण संध्याकाळी तिने गावी दूरध्वनी करून वडिलांना अर्धा तास सगळे सांगितले. समुद्रावरून तिने त्यांना जेवलात का एवढेच विचारले होते.

बाकीच्या बँकॉकविषयी थोडक्यात. वाट पो राजवाड्याला लागूनच आहे. तेथील पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब असून त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात 108 शुभचिन्हे आहेत. समोरच्या था तियेन धक्क्यावरून काही बाथमध्ये (बाथ हे तेथील चलन) नावेने चाओ फ्राया नदी ओलांडली की वाट अरुण येते, ज्याचे शिखर चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेले आहे. त्याच्या पायऱ्या फार उभ्या असल्याने आई-वडिलांना वर चढवू नये, खालूनच पाहावे. महाझोका नावाची उंच लाल चौकट असलेल्या चौकाजवळ राजघराण्याच्या ब्राह्मण पुरोहितांचे 1784 सालचे देवस्थान आहे. वेळ असेल तर सुमारे 80 किलोमीटरवरचे अयुत्थया पाहावे, जे 1350 पासून राजधानी होते आणि 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केले. आपण जुलैत जात आहात म्हणून एक विशेष गोष्ट: थाई पंचांगातील आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तेथील भिक्षूंचा तीन महिन्यांचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच विहारात राहण्याचा काळ, सुरू होतो, आणि पौर्णिमेच्या रात्री लोक मेणबत्त्या घेऊन मंदिरांना प्रदक्षिणा घालतात. आपल्या पंचांगाशी ती तिथी काही वर्षी जुळत नाही, त्यामुळे तारीख आधी पाहून ठेवावी. ती आपल्या मुक्कामात येत असेल तर बँकॉकची एक रात्र त्यासाठीच राखावी.

हॉटेलविषयी एवढेच सांगते की, बँकॉकमध्ये ते साथोर्न धक्क्याजवळ घ्यावे, कारण तेथे नदीतील बोट आणि उन्नत रेल्वे एकत्र मिळतात आणि आई-वडिलांना वाहतूक कोंडीत बसावे लागत नाही. सामुईत चावेंगच्या मधोमध गोंगाट असतो. बोपुत किंवा लमाई बरे. खर्चाचा आकडा देण्यात अर्थ नाही, कारण तो मुख्यतः सामुईच्या विमान तिकिटावर ठरेल आणि ते तिकीट आपण किती आधी काढता यावर.

काही सूचना मात्र पाळाव्यात. वडिलांना राजवाड्यात अर्धी चड्डी चालणार नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी उत्तम. शाकाहारी असाल तर हे लक्षात ठेवावे की, भाजीच्या पदार्थांतही माशाचा रस सर्रास घालतात, म्हणून पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेली 'जे' दुकाने शोधावीत, आणि मँगोस्टीन अवश्य खाऊ घालावे, कारण ते आपल्या कोकमाचेच भाईबंद आहे. नदीच्या बोटी धक्क्याला फार थोडा वेळ थांबतात आणि तराफा हलतो. गुडघे दुखत असतील तर गर्दीची वेळ टाळावी, आणि गुडघे फारच दुखत असतील तर माझा सगळा आग्रह बाजूला ठेवून भाड्याची मोटार करावी. 1 मे 2025 पासून प्रवेशाआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते, ते विनामूल्य आहे; व्हिसाचे नियम मात्र बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

राजवाड्याचे तिकीट परदेशी माणसाला 500 बाथ आहे आणि विक्री दुपारी साडेतीनला थांबते. दारावर कोणी आज बंद आहे असे सांगून रिक्षात बसवू लागला तर त्याचे ऐकू नये. तिकीट खिडकीपर्यंत स्वतः जाऊन पाहावे. सकाळी साडेआठला उघडताच आत जावे, मूर्तीचे दर्शन लवकर आटोपावे, आणि ऊन चढले की ओवरीत शिरून पहिल्या फलकापासून चालू लागावे. आई-वडील बरोबर आहेत, त्यामुळे मार्गदर्शक घेण्याची गरज पडणार नाही.