कॅप्टनमुळे मॅच जिंकते का, की टीम भारी असली की कॅप्टन आपोआप भारी दिसतो?

तुम्ही विचारलंय की वनडे आणि टी-२० मध्ये कॅप्टनचा खरंच किती वाटा असतो, आणि विनिंग पर्सेंटेज बघून बेस्ट कॅप्टन ठरवता येतो का. दुसऱ्या भागाचं उत्तर सरळ आहे, नाही ठरवता येत. पहिल्यावर जरा बोलावं लागेल.

मी नाशिकचा, गोल्फ क्लब मैदानावर (कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं) आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या मॅचेसना बारा वर्षं झाली स्कोअरिंग करतोय. स्कोअररला बॅटिंगपेक्षा बॉलिंगचा कॉलम जास्त दिसतो, कोणाच्या किती ओव्हर झाल्या, किती उरल्या, आणि मला मनापासून वाटतं की लिमिटेड ओव्हरमधली कॅप्टनशिप नव्वद टक्के तिथेच असते.

आता आकडे बघा. वेस्ट इंडीजचा क्लाइव्ह लॉइड ८४ वनडेत कॅप्टन, ६४ जिंकल्या. पण त्याच्याकडे रिचर्ड्स, ग्रीनिज, होल्डिंग, गार्नर होते ना राव! सचिन ७३ वनडेत कॅप्टन होता आणि जिंकल्या फक्त २३, म्हणून सचिनला गेम कळत नव्हता असं कोणी म्हणेल का? विराटच्या ९५ पैकी ६५, धोनीच्या २०० पैकी ११०, म्हणजे टक्केवारीत विराट खूप पुढे, पण वर्ल्ड कप धोनीकडे. पर्सेंटेज सांगतं टीम किती चांगली होती, कॅप्टनने त्यात काय घातलं ते नाही सांगत.

मग कॅप्टन दिसतो कुठे? वनडेत एका बॉलरला १० ओव्हर, टी-२० मध्ये ४, म्हणजे बेस्ट बॉलर कायम हातात नसतो, तो कुठे खर्च करायचा हे ठरवावं लागतं. २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपची बार्बाडोसची फायनल आठवा, अक्षरच्या ओव्हरला २४ गेले आणि साऊथ आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० हवे होते, क्लासेन सुटलेला. रोहितने बुमराहला शेवटासाठी राखून नाही ठेवला, १६ वी आणि १८ वी देऊन त्याच्या चारही ओव्हर संपवून टाकल्या. १६ व्या ओव्हरला ४ रन, १७ व्यात हार्दिकने पहिल्याच बॉलला क्लासेन काढला आणि ४ च दिले, १८ व्यात बुमराहचे २ रन आणि एक विकेट, १९ वी अर्शदीपची ४ रनची, आणि शेवटच्या ओव्हरला १६ हवेत अशी परिस्थिती आली. सगळे शेवटच्या ओव्हरमधल्या सूर्याच्या कॅचबद्दल बोलतात, बोलायलाच पाहिजे, पण तो कॅच उपयोगी पडला कारण त्याआधीच्या चार ओव्हरमध्ये मिळून १४ च गेले होते.

हे मी इतकं ठासून का सांगतोय, तर इकडे एका कंपनीच्या टूर्नामेंटला सेमीफायनलमध्ये बरोबर उलटं बघितलंय. कॅप्टनने त्याचा सगळ्यात चांगला बॉलर विसाव्या ओव्हरसाठी ठेवला आणि मॅच एकोणिसाव्यातच संपली. त्या पोराच्या नावापुढे ३ ओव्हर, ११ रन, २ विकेट. मॅच संपल्यावर तो कॅप्टन टेबलापाशी आला, वही मागितली आणि कितीतरी वेळ त्या एका ओळीकडे बघत उभा राहिला, मला काय बोलावं सुचेना.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. हाच रोहित २०२२ च्या टी-२० वर्ल्ड कप सेमीफायनलला ॲडलेडमध्ये कॅप्टन होता, आपण १६८ केले आणि इंग्लंडच्या बटलर-हेल्सने एकही विकेट न गमावता १६ ओव्हरमध्ये मॅच संपवली. दोन वर्षांत रोहितची अक्कल वाढली असं नाहीये, तिथे बुमराह दुखापतीमुळे टीममध्येच नव्हता. बॉलरच नसेल तर कॅप्टन वाटणार काय? म्हणून टीम आधी, कॅप्टन नंतर, हे खरंच आहे. मॅच समसमान असते तेव्हाच कॅप्टनचं वजन पडतं.

त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच विरुद्धचं आहे आणि मला अजून त्रास होतो. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, ऑस्ट्रेलियाविरुद्धची वनडे वर्ल्ड कप फायनल. आपण सलग १० जिंकून आलेलो, त्यांचा कॅप्टन कमिन्सने टॉस जिंकून बॉलिंग घेतली, म्हणजे दव पडल्यावर बॉलिंग आपल्या वाट्याला. संध्याकाळचं दव काय करतं ते नाशिककरांना सांगायला नको, थंडीत सकाळच्या मॅचला बॉल पुसून पुसून टॉवेल ओला होतो. पण माझ्या मते खरी कमाल टॉसची नाही. पहिल्या १० ओव्हरला आपले ८० होते, नंतर विराट-राहुल एक-एक, दोन-दोन करत खेळत होते, तेवढ्यात कमिन्सने मार्शच्या २ आणि हेडच्या २ अशा चार ओव्हर गुपचूप काढून घेतल्या आणि त्यात गेले किती, तर ९ रन! झॅम्पा, हेझलवूड, स्टार्क यांच्या ओव्हर पुढे शिल्लक राहिल्या. आपण २४० ला थांबलो. हेडची १३७ ची इनिंग सगळ्यांना आठवते, त्याच्या त्या दोन ओव्हर कोणाला आठवत नाहीत.

आणि २ नोव्हेंबर २०२५, महिला वर्ल्ड कपची फायनल. आमच्या इंदिरानगरच्या घरी सगळे टीव्हीपुढे, साऊथ आफ्रिकेच्या वोल्वार्ड्ट आणि लुस जमलेल्या, आणि हरमनप्रीतने बॉल दिला शफालीला. शफाली तर मूळ टीममध्येही नव्हती, प्रतिका रावलला लागलं म्हणून आली होती. आई म्हणाली, अगं हिला कशाला देतेय! शफालीने लुसला स्वतःच्याच बॉलिंगवर कॅच घेऊन काढलं, पुढच्या ओव्हरला मारिझान कापला आउट केलं. मॅचमध्ये ७ ओव्हर, ३६ रन, २ विकेट, त्याआधी बॅटने ८७. त्याच टीमने लीगमध्ये सलग तीन मॅच हरल्या होत्या, तेव्हा लोक हरमनला काढा म्हणत होते.

तर बेस्ट कोण असं विचाराल तर माझं मत धोनीला, आणि ते २०११ साठी नाही, २०१३ च्या इंग्लंडविरुद्धच्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलसाठी. १२९ वाचवायचे होते, २० ओव्हरची झालेली मॅच, इशांतला मार पडत होता तरी १८ वी त्यालाच दिली, त्याने सिक्स खाल्ली, वाइड टाकले, आणि मग लागोपाठच्या दोन बॉलला मॉर्गन आणि बोपारा गेले. १९ वी जडेजाला, २० वी अश्विनला, म्हणजे शेवट स्पिनवर, इंग्लंडमध्ये! ५ रनने जिंकलो. त्या मॅचचं स्कोअरकार्ड काढून फक्त बॉलिंगचा कॉलम बघा, आणि मग सांगा तुम्हाला काय वाटतं.