नाशिकजवळ हलक्या मासेमारीसाठी बटणाचं बंद रीळ घ्यावं का, की ते नुसतं लहान मुलांचं खेळणं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्हाला आणि तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीला सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला जायचंय, मोठ्या माशांच्या मागे लागायचं नाही, अंगठ्याने बटण दाबायचं स्पिनकास्ट रीळ मनात भरलंय, पण दुकानदार म्हणतो, "ते पोराटोरांचं, तुम्ही स्पिनिंग घ्या."

घ्या की बिनधास्त. दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण तो ज्या मासेमारीचा विचार करतोय ती तुम्हाला करायचीच नाही. माझ्याकडे बटणाचं, स्पिनिंग आणि बेटकास्टिंग अशी तिन्ही प्रकारची रिळं आहेत आणि चिलापीसाठी (म्हणजे तिलापिया मासा) बाहेर पडायचं म्हटलं की हात आपसूक बटणाच्या रिळाकडे जातो.

ते चालतं कसं हे आधी सांगतो, म्हणजे त्याचे गुण आणि खोडी दोन्ही कळतील. येवल्याची संक्रांत पाहिली असेल तर आसारी माहीत असेलच. पतंगाने ओढ घेतली की आसारी गरगर फिरते आणि मांजा सुटतो. बेटकास्टिंग रीळ त्याच जातीचं. दोरा सुटताना चाक फिरतं, आणि गळ पाण्यात पडल्यावरही ते फिरत राहिलं तर असा गुंता होतो की अर्धी सकाळ तो सोडवण्यात जाते. स्पिनकास्टमधली फिरकी, म्हणजे ज्यावर दोरा गुंडाळलेला असतो ती, जागची हलत नाही. दोरा तिच्या कडेवरून वेटोळी सोडत पुढच्या टोपणाच्या भोकातून निघून जातो. स्पिनिंग रिळाची फिरकीही फेकताना स्थिरच असते, पण ती उघडी. तिथे दर वेळी तर्जनीवर दोरा धरा, तारेची कडी उघडा, फेका, बोट नेमकं सोडा, कडी मिटवा. सवय झाली की सोपं आहे, पण ती सवय होईपर्यंत नऊ वर्षांच्या मुलीचा धीर सुटतो. आणि धरणावरचा दुपारचा वारा उघड्या फिरकीवरची सैल वेटोळी उचलतो ते वेगळंच.

दुकानात टोपण फिरवून काढा आणि आत बघा. फिरकीच्या पुढ्यात एक धातूची वाटी दिसेल, तिच्या कडेला बारीक खुंटी. बटण दाबलं की वाटी पुढे सरकते, खुंटी आत जाते आणि दोरा वाटी व टोपण यांच्या चिमटीत सापडतो. म्हणूनच बटण दाबून धरलं तरी गळ आणि शिसं (दोऱ्याला बांधलेलं वजन) खाली घसरत नाही. काठी मागून पुढे आणता आणता अंगठा उचलला की चिमटी सुटते आणि दोरा धावतो. मग रिळाची मूठ जराशी फिरवली की 'टक्' आवाज होतो, खुंटी बाहेर येते, दोरा पकडते आणि गुंडाळायला लागते. मला त्या 'टक्'चं खरंच वेड आहे. दाबा, फेका, सोडा, टक्. दोन-चार फेकीनंतर हात आपलं आपण करतो आणि नजर तरंगावर, म्हणजे मासा लागल्याची खूण देणाऱ्या तरंगत्या बोंडावर, मोकळी राहते. हलक्या मासेमारीत मजा असते ती तरंगाकडे बघण्यातच.

जाता जाता याचा इतिहास सांगतो, कारण तो मजेशीर आहे. टेक्सासमधल्या आर. डी. हल नावाच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९४७ मध्ये ही कल्पना टल्साच्या एका कंपनीकडे नेली. कंपनीचं नाव झीरो अवर बॉम्ब कंपनी, आणि ती तेलविहिरींत वापरायचे टाइम बॉम्ब बनवायची! दुकानात सामान बांधायचा सुतळीचा मोठा गुंडा जागचा न हलता सुतळी सुटते, हे बघून हलला ही युक्ती सुचली असं सांगतात. १९४९ मध्ये रीळ बाजारात आलं आणि कंपनीच्या लांबलचक नावातली अक्षरं जोडून झेबको हे नाव झालं. त्यांचं '३३' नावाचं मॉडेल १९५४ चं, आणि त्या नावाचं रीळ आजही विकलं जातं. पोराटोरांचं म्हणून हिणवायला हे वय जरा जास्तच आहे.

आता खोडी. दोरा टोपणाला घासत बाहेर पडतो, त्यामुळे तो स्पिनिंगइतका लांब जात नाही. अगदी हलकं वजनही उडत नाही. शिसं आणि तरंग मिळून सात-आठ ग्रॅम तरी हवेत. फिरकी लहान, म्हणून दोरा कमी मावतो. गुंडाळण्याचा वेगही कमी. पाच-सात किलोचा कटला लागला आणि तो खोल पाण्याकडे पळाला तर बघत बसावं लागेल. मरळीसाठी तर हे रीळ नकोच. ती पाणगवतात दडी मारते आणि तिथून तिला ओढून काढायला जाड दोरा आणि दणकट रीळ लागतं.

पण चिलापी? ती काठालाच असते. पाणी निवळ असेल तर उथळ तळावर ताटलीएवढे खळगे दिसतात, ती नरांनी केलेली घरटी. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, त्यामुळे पिल्लं जगतात भरपूर, आणि १९५२ मध्ये भारतात आणलेला हा परका मासा आज जिथे तिथे दिसतो. त्याच्यासाठी पंधरा-वीस मीटर फेक पुष्कळ झाली. आठ किंवा दहा नंबरचा गळ, त्यावर गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, वर टाचणीसारखा बारीक तरंग. लहान रोहू आणि मृगळसुद्धा याच रिळावर छान येतात. रोहू मधल्या पाण्यात चरतो, मृगळ तळाशी, म्हणून तरंग वरखाली सरकवून बघायचा. त्यांना गांडुळापेक्षा कणीक आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा घट्ट मळलेला गोळा जास्त मानवतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोरा, आणि लोक नेमकं तिथेच दुर्लक्ष करतात. स्वस्त रिळांवर कारखान्यातूनच जाड, राठ तंगूस भरून येतो. तो फिरकीवर बसून बसून स्प्रिंगसारखा होतो, टोपणातून अडखळत निघतो आणि शिव्या रिळाला बसतात. तो काढून पाव मिलिमीटरच्या आसपासचा मऊ नायलॉन भरा, सहा ते आठ पौंडांचा. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या वर थोडासा ताण, आपल्या कामाला तेवढा पुरे. विणलेला दोरा मात्र यात घालू नका. तो इतका बारीक असतो की फटीत शिरतो, आणि गुळगुळीत फिरकीवर सगळा गुंडाच घसरतो. फिरकी काठोकाठ भरू नका, दोन-तीन मिलिमीटर कड मोकळी ठेवा. आणि दोरा आधी टोपणाच्या भोकातून ओवून मगच फिरकीला बांधा. हे वाचताना हसू येईल, पण टोपण हातात आणि दोरा बाहेर अशा अवस्थेत काठावर बसलेले लोक मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट ड्रॅगची. रिळावरचं चाक किंवा चांदणी फिरवली की मासा किती जोराने ओढल्यावर दोरा सुटेल ते ठरतं. दोरा ताणकाट्याला बांधून काठी वाकवा आणि साधारण एक किलोला दोरा सुटू लागेल असं लावून ठेवा. मासा दोरा ओढून नेत असताना मूठ फिरवायची नाही. नवख्या माणसाला हे कळायला वेळ लागतो, कारण रीळ कर्रकर्र वाजायला लागलं की हात आपोआप जोरात फिरतो. त्या वेळी दोरा आत येत नाही, नुसता पीळ बसतो, आतल्या वाटीच्या दर फेऱ्याला एक. मग पुढच्या फेकीला दोरा आपल्याच अंगाभोवती वळतो. मासा ओढत असेल तेव्हा काठी वर धरून थांबा, तो दमला की काठी खाली नेता नेता गुंडाळा. पीळ पडलाच तर गळ, शिसं, तरंग सगळं सोडून नुसता दोरा वाहत्या पाण्यात लांब सोडा आणि थोड्या वेळाने हलक्या चिमटीतून परत गुंडाळा.

जायचं कुठे, हे तुम्ही विचारलेलं नाही पण सांगतो. जिल्ह्यातल्या धरण-तलावांत मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. रोहू-कटल्याचं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं, तेव्हा गळ टाकण्याआधी गावात विचारायचं. गंगापूर धरणातून शहराला पिण्याचं पाणी येतं, धरणाच्या भिंतीच्या आणि पाणी उपसायच्या विहिरीच्या बाजूला फिरकूच नका. नांदूर मध्यमेश्वर तर पक्ष्यांचं अभयारण्य आहे, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे, तिथे दुर्बीण न्या, गळ नको. आणि तुम्ही पंचवटीत राहता, तेव्हा रामकुंडावर गळ टाकायचा नाही हे मी सांगायला नको.

लहान मुलीबरोबर मला विचाराल तर ओळखीच्या शेतकऱ्याचं शेततळं बरं. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांसाठी केलेल्या तळ्यांत कुणी कुणी मासे सोडतात. आम्ही जातो त्या तळ्याचे मालक नेहमी एकच बजावतात: "दादा, मासे घेऊन जा, पण माझा कागद सांभाळा." तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकला सगळे कागदच म्हणतात. गळ तळाला टेकवून ओढला आणि कागदाला भोक पडलं तर साठवलेलं पाणी जमिनीत जातं आणि उन्हाळ्यात बाग तहानलेली राहते. म्हणून तिथे तळाला शिसं ठेवून मासेमारी करायची नाही, तरंग लावायचा आणि गळ तळापासून हातभर वर ठेवायचा. इथे बटणाचं रीळ पुन्हा उपयोगी पडतं. गळ जास्त लांब चाललाय असं वाटलं तर बटण पुन्हा दाबायचं, दोरा जागच्या जागी थांबतो. हळूच, ऐन वेगात दाबलं तर दोऱ्याला झटका बसतो.

त्याच कागदावरून पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. शेवाळलेला उतार, धरायला काही नाही. बांधापासून दोन पावलं मागे उभं राहायचं, मुलीला जीवरक्षक जाकीट घालायचं आणि काठाला दोर बांधलेला आहे ना ते आल्या आल्या बघायचं. यात तडजोड नाही. पावसाळ्यात नदीचे काठही टाळा. वरून पाणी सोडलं की गोदावरी किती झपाट्याने चढते ते पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं हे बघणाऱ्यांना ठाऊक आहे. शिवाय पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात, त्यांना जाऊ द्यावं.

खरेदीचं म्हणाल तर मुलीला दुकानात सोबत न्या. रीळ काठीच्या वरच्या बाजूला बसतं, म्हणून दोरा ओवायच्या कड्याही वरच्या बाजूला येतात आणि काठीच्या मुठीखाली बोट अडकवायला आकडा असतो, तशीच साडेपाच फुटांची हलकी काठी घ्या. स्पिनिंगची काठी यासोबत गळ्यात पडू देऊ नका. तिच्या हातात देऊन बघा, अंगठा बटणापर्यंत पोचतो का आणि ते शेवटपर्यंत दाबलं जातं का. काही स्वस्त रिळांचं बटण इतकं कडक असतं की लहान अंगठ्याला ते झेपत नाही. तसं असेल तर काठीच्या खालून लटकणारं, चापाचं बंद रीळ मागा. त्यात तर्जनीने चाप ओढायचा असतो, तो मुलांना हलका जातो. मग रिळाची मूठ सावकाश फिरवत रीळ कानाशी धरा. आत खरखर असेल, किंवा मूठ पुढेमागे फार खेळत असेल, तर दुसरं दाखवायला सांगा. आतले दाते धातूचे असलेलं मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

घरी आल्यावर गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासे थोडे जास्त सुटतील, पण मुलीच्या बोटात किंवा तुमच्या कानात गळ गेलाच तर सहज निघेल. रीळ काळ्या मातीत ठेवत जाऊ नका, माती खुंटीत शिरली की ती 'टक्' करून बाहेर येत नाही आणि रीळ बिघडलं असं वाटतं. टोपण काढून ओल्या फडक्याने पुसायचं, खुंटीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. पहिल्या दिवशी गळाऐवजी नुसतं शिसं बांधून मोकळ्या मैदानात बादलीवर नेम धरायला लावा, मुलगी तुमच्या आधी शिकेल.