पोलंडमधल्या कातोवित्सेची बंद कोळसा खाण आणि तिचा 'वार्शावा' शाफ्ट यांचा इतिहास काय? बघायला जावं का?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की "शेवटी तो एक गंजका लोखंडी मनोराच ना, त्यासाठी अर्धा दिवस का घालवायचा?" हे वाक्य वाचलं आणि कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. आमच्या घरात हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकतेय.

आधी इतिहास. ही खाण 1823 ची, नाव 'फर्डिनांड', जागा बोगुचित्से. राज्य प्रशियाचं, म्हणजे जर्मनांचं. तेव्हा कातोवित्से हे एक खेडं होतं. तिथे रेल्वे आली 1846 मध्ये आणि शहराचा दर्जा मिळाला 1865 मध्ये. म्हणजे खाण शहरापेक्षा 42 वर्षांनी थोरली. या आणि अशाच खाणी-भट्ट्यांच्या आसऱ्याने शहर वाढलं, त्यामुळे 'शहरातली खाण' म्हणणं मला उलटं वाटतं. 1922 मध्ये हा भाग पोलंडकडे आला, 1936 मध्ये खाणीला 'कातोवित्से' नाव मिळालं आणि 1999 मध्ये ती बंद झाली. नव्वदच्या दशकात पोलंडने एकामागून एक खाणी बंद केल्या, 1998 पासून खाणकामगारांना एकरकमी पैसे देऊन घरी पाठवलं, त्याच लाटेत हीही गेली. पुढे त्या जागेवर सायलीशियाचं, म्हणजे या कोळसा-प्रदेशाचं, संग्रहालय उभं राहिलं. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या रीगलर रीवे या वास्तुरचनाकारांनी 2007 ची स्पर्धा जिंकली, 2015 मध्ये दारं उघडली. दालनं जमिनीखाली, वर फक्त काचेच्या पेट्या. आणि मधोमध वार्शावा शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरचा, 40 मीटर उंच मनोरा, ज्यात आता लिफ्ट बसवली आहे. वर जाऊन शहर बघता येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

माझे बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खाणीत वाइंडिंग इंजिन चालवायचे, म्हणजे माणसांची डोली, दोराला टांगलेला पिंजरा, शाफ्टमधून खाली-वर करणारं यंत्र. तीस वर्षं. ज्यांना कोळशाच्या गावात राहायची सवय नाही त्यांना वाटतं, खाणीतला माणूस म्हणजे खाली उतरणारा. बाबा खाली क्वचितच गेले. ते वर, इंजिनघरात, दोर गुंडाळणाऱ्या ड्रमसमोरच्या खुर्चीत बसायचे, एक हात ब्रेकवर, नजर इंडिकेटरवर, कान घंटीवर. एक ठोका म्हणजे थांब. तीन ठोके म्हणजे डोलीत माणसं आहेत. तीन ठोके पडले की बाबा शेजारच्याशी बोलणं बंद करत. घरीसुद्धा दारावर कुणी तीनदा टकटक केलं की त्यांची मान ताठ व्हायची, हे आम्ही लहानपणापासून बघितलंय. रोज प्रत्येक पाळीला शंभरेक बायकांचे नवरे त्यांच्या एका हाताने खाली जात आणि वर येत. एकदाही डोली आपटली नाही. हे वाक्य मी कुणालाही, कुठेही, अभिमानाने सांगते.

ती खाण बंद झाली. काही महिन्यांत हेडगिअर, म्हणजे शाफ्टच्या तोंडावरचा दोराच्या चाकांचा लोखंडी मनोरा, गॅसकटरने कापलं, ट्रकमध्ये भरलं, भंगारात गेलं. बाबा त्या दिवशी सकाळी सायकल काढून गेले आणि दुपारी न जेवता झोपले. माझा दादा म्हणाला, "लोखंड होतं, विकलं. गंजून कुणाच्या डोक्यावर पडलं असतं मग?" तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे.

मी नोकरीसाठी कातोवित्सेला आले आणि दुसऱ्या वर्षी बाबांना बोलावून घेतलं. विमानतळावरून येताना त्यांनी टॅक्सीवाल्याला "दोब्झे, दोब्झे" म्हटलं तेव्हा मी चकित झाले. तरुणपणी त्यांना ट्रेनिंगसाठी झरियाकडे मुनीडीहला पाठवलं होतं. मुनीडीह आणि सुदामडीह या खोल शाफ्टच्या खाणी पोलंडच्या मदतीने उभ्या राहिल्या, हे आपल्याकडे खाणीबाहेरच्या फार कमी लोकांना माहीत असतं. तिथला एक जुना ऑपरेटर पोलिश इंजिनिअरांच्या हाताखाली शिकलेला, त्याच्याकडून बाबांनी हा एक शब्द उचलला होता. दोब्झे, म्हणजे ठीक. चाळीसेक वर्षं जपून ठेवलेला.

संग्रहालयात मी त्यांना मोठ्या हौसेने वार्शावा मनोऱ्यावर नेलं. लिफ्ट वर गेली, काचेतून स्पोदेक या क्रीडागृहाची बशीसारखी इमारत दिसली, पलीकडे 2014 चं नवं संगीतगृह, काँग्रेस सेंटर. सगळी खाणीचीच जमीन. 2018 ची जगाची हवामान परिषद इथेच भरली होती, तेही सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरी, हे वरतं जाते, खाली काहून नाही जात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर शाफ्टच्या जुन्या इंजिनघरात गेलो. तिथे आता उपाहारगृह आहे, पांढरे टेबलक्लॉथ, छान जेवण. बाबा जेवले नाहीत. खिडकीतून मनोऱ्याकडे बघत, बोटाने हवेत रेघ ओढत त्यांनी दोर कसा आत येत असेल, ड्रम कुठे असेल, चालकाचं तोंड कुठल्या बाजूला असेल याचा हिशेब लावला. मग एका रिकाम्या टेबलाकडे बोट करून म्हणाले, "तो इथं बसत असंल." वेटर मुलगी विनम्रपणे विचारत होती, काही हवंय का. मला रडू आलं, कारण त्या इमारतीत 'इथे कोण बसायचं' हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या झाब्झे शहरात गेलो, गुईदो खाणीत. ही 1855 ची, गुईदो हेंकेल फॉन डोनर्समार्क या सरदाराने काढलेली आणि स्वतःचं नाव दिलेली. विसाव्या शतकात तिथला कोळसा काढणं थांबलं, 1967 पासून खाणीची यंत्रं तपासायला ती वापरली गेली, आणि 2007 पासून पर्यटकांसाठी नीट खुली आहे. इथे खरी डोली आहे. खरी, जाळीच्या दाराची, अंधारी, दाटीवाटीची. सायलीशियातले कामगार तिला 'शोला' म्हणतात. बाबांना ते फार आवडलं. शोला आणि डोली. आम्ही 320 मीटरच्या पातळीवर उतरलो, सेकंदाला सुमारे 4 मीटर. बाबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं घाबरले. ते मोजत होते. वेग कधी धरला, कधी सोडला, ब्रेक कुठे लागला. खाली टेकल्यावर धक्का बसला नाही तेव्हा डोळे उघडून म्हणाले, "वरचा माणूस चांगला हाय."

बाहेर आल्यावर त्यांनी मला त्या वरच्या माणसापर्यंत निरोप पोहोचवायला लावला. माझ्या मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये मी वाटाड्याला सांगितलं की हे भारतातले वाइंडर आहेत आणि तुमच्या माणसाचं काम त्यांना पसंत पडलंय. वाटाड्याने टोपी काढली आणि "श्चेन्श्च बोझे" म्हणाला. खाणकामगारांचा नमस्कार, देव तुझं भलं करो असा. बाबांनी हात जोडले.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आधी गुईदो बघा, मग वार्शावा. उलट केलंत तर वार्शावा तुम्हाला नुसता देखावा वाटेल. एकदा खाली जाऊन आल्यावर त्या मनोऱ्याखाली उभे राहा, म्हणजे आपण कशाच्या तोंडाशी उभे आहोत ते कळेल. आणि 'गंजका लोखंडी मनोरा' असं कृपा करून तिथल्या कुणासमोर म्हणू नका. याच शहरात वुयेक खाणीत 16 डिसेंबर 1981 ला लष्करी कायद्याविरुद्ध संपावर बसलेले 9 खाणकामगार गोळीबारात मारले गेले. लोकांच्या मनात खाण म्हणजे लोखंड नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. संग्रहालयाच्या भूमिगत दालनांत कोळशाचा 'फेस', म्हणजे जिथे कोळसा खोदतात ती भिंत, बघायला मिळेल अशा अपेक्षेने जाऊ नका, तिथे चित्रकला आणि सायलीशियाचा इतिहास आहे, दालनंही 14 मीटरच्या आसपासच खोल. गुईदोला भेटीची वेळ आधी ठरवावी लागते, खाली गारठा असतो, आणि बंद जागेची भीती असेल तर डोलीत जीव घाबरा होतो. शिवाय हे सगळं जपायला युरोपियन युनियनचा भरपूर पैसा लागला. आपल्याकडे प्रत्येक खाणीला तो मिळणार नाही, हा दादाचा मुद्दा मला मान्य आहे. प्रत्येक नको. एक तरी ठेवायचं होतं. निदान हेडगिअरवरची दोन चाकं काढून गावच्या चौकात मांडायला कुठला युरोप लागत होता?

दादा, तू हे वाचशीलच. त्या दिवशी झाब्झेच्या स्टेशनवरून बाबांनी तुला फोन लावला होता, तू कामात होतास. लिलावाच्या वेळी तू तिथे होतास, म्हणून त्यांना विचारायचं होतं की ती दोन चाकं कुठल्या ट्रकमध्ये चढली आणि कोणत्या भंगारवाल्याने नेली. ते अजूनही विचारतात. रविवारी फोन कर आणि त्यांना सांग.