कट कुठे गेलं? विंडोजवरून मॅकवर आलेल्यांचे फाइलींचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच जातीचे आहेत. घरात नवा मॅक आलाय, पण हात अजून विंडोजच्या सवयीने चालतोय आणि फाइल एका जागेवरून दुसरीकडे न्यायची म्हटलं की घोळ होतोय. एकेक घेऊ.

प्रश्न : मुलीने तिचा जुना मॅकबुक मला दिलाय. फाइलवर राइट क्लिक केलं तर कॉपी दिसतं, कट नाहीच. वर एडिटमध्ये कट आहे पण ते फिकट, दाबलं जात नाही. मग फाइल हलवायची कशी? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

ताई, तुमचं काही चुकत नाहीये. मॅकमध्ये फाइल हलवायची की तिची कॉपी काढायची हे आधी सांगायचं नसतं, पेस्ट करताना सांगायचं असतं. फाइलवर एकदा क्लिक करा, कमांड दाबून सी दाबा, मग जिथे न्यायचीय तो फोल्डर उघडा आणि कमांड, ऑप्शन, व्ही तिन्ही एकत्र दाबा. फाइल तिकडे जाते, इकडची निघते. नुसतं कमांड-व्ही केलंत तर दोन्हीकडे राहते. कमांड म्हणजे स्पेसबारला लागून असलेली, चार पाकळ्यांच्या फुलासारखं चिन्ह असलेली की, आणि ऑप्शन तिच्या शेजारी. विंडोजची कंट्रोल-सीची सवय इथे चालत नाही, बोटं आठ-दहा दिवस चुकतील, चुकू द्या.

तीन बटणं एकदम जमत नसतील तर कॉपी केल्यावर वरचा एडिट मेनू उघडा आणि तो उघडा असतानाच ऑप्शन दाबून धरा, 'पेस्ट आयटम'च्या जागी 'मूव्ह आयटम हिअर' आलेलं दिसेल, त्यावर क्लिक करा. २०११ साली आलेल्या लायन या मॅकच्या सिस्टिमच्या आवृत्तीपासून ही सोय आहे, म्हणजे मॅक जुना असला तरी चालेल.

प्रश्न : माउसने ओढून टाकली की फाइल कधी हलते, कधी कॉपी होते. हे ठरतं कशावर?

डिस्क एकच आहे का यावर. मॅकच्या आतल्या आत, डाउनलोड्समधून डॉक्युमेंट्समध्ये ओढली तर हलते. पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर ओढली तर कॉपी होते, आणि तेव्हा माउसच्या टोकाशी हिरवं गोल प्लसचं चिन्ह दिसतं, ते बघायची सवय लावून घ्या म्हणजे बोट सोडायच्या आधीच कळतं. ओढताना ऑप्शन दाबलं तर कुठेही कॉपीच होते, कमांड दाबलं तर बाहेरच्या डिस्कवरही फाइल हलते. पण बाहेरच्या डिस्कवर काही महत्त्वाचं थेट हलवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कॉपी करा, तिकडच्या दोन-चार फाइली उघडून बघा, आणि मगच इकडच्या उडवा.

प्रश्न : हार्डडिस्कवर 'गणपती' नावाच्या फोल्डरमध्ये आधीच्या वर्षांचे फोटो होते. यंदाचेही 'गणपती' नावाच्याच फोल्डरमध्ये घेतले आणि तो तिथे ओढला. रिप्लेस करू का विचारलं, मी हो म्हटलं. आता फक्त यंदाचे दिसतात. (पुणे)

हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण माझ्याच हातून आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो असेच गेलेत. विंडोजमध्ये एकाच नावाचे दोन फोल्डर एकमेकांवर टाकले की ते एकत्र होतात, आतलं आत मिसळतं. मॅकमध्ये रिप्लेस म्हणजे जुना फोल्डर अख्खा काढून त्या जागी नवा ठेवणं. त्यामुळे विंडोजवरून येणाऱ्याने सगळ्यात आधी हीच गोष्ट शिकावी असं मला वाटतं, बाकी सगळं नंतर.

आधी त्या हार्डडिस्कवर काहीही नवीन टाकणं थांबवा, एक फोटोसुद्धा नको. टाइम मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या बॅकअपच्या सोयीत, त्या डिस्कचाही बॅकअप होत असेल तर तिथे बघा, नसेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या, कारण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर फोटो परत मिळण्याची आशा असते.

पुढच्या वेळी फोल्डर ओढताना ऑप्शन दाबून धरा, मग 'मर्ज'चं, म्हणजे दोन्ही एकत्र करायचं बटण येतं. ते नाहीच आलं तर रिप्लेस न दाबता 'स्टॉप' दाबा. मी स्वतः तर फोल्डर ओढतच नाही, तो उघडतो, कमांड-ए करून आतले सगळे फोटो निवडतो आणि ते जुन्या फोल्डरच्या आत टाकतो. कॅमेरा कधीकधी पुन्हा तेच नंबर देतो त्यामुळे नावं जुळली की मॅक विचारतो, तिथे 'कीप बोथ' म्हणायचं. डबल झालेला फोटो नंतर निवांत काढता येतो.

प्रश्न : जुन्या हार्डडिस्कवरच्या फाइली मॅकवर दिसतात, पण तिच्यावर काही टाकता येत नाही.

डिस्क एनटीएफएसची आहे, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा, मग मॅकमधल्याच डिस्क युटिलिटी या अ‍ॅपमध्ये जाऊन ती एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करा, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालेल. फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं, म्हणून तो क्रम उलटा करू नका. फॅट३२ घेऊ नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडकतो.

प्रश्न : पत्रिकेची पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन डीटीपीवाल्याकडे गेलो, त्याच्या विंडोजवर त्याच नावाच्या दोन फाइली दिसल्या, एकीच्या नावाआधी टिंब आणि अंडरस्कोर. तो म्हणाला व्हायरस आहे.

व्हायरस नाहीये. फाइलसोबतची जास्तीची माहिती मॅक अशा पेनड्राइव्हवर वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवतो, मॅकवर ती लपलेली असते आणि विंडोजवर उघडी पडते. तिचा साइज बघा, काही केबीच असेल. डीटीपीवाल्याला सांगा टिंबवाली सोडून दुसरी उघड, आणि ती छोटी तिथे उडवली तरी पत्रिकेला काही होत नाही. पेनड्राइव्ह काढायच्या आधी मात्र इजेक्ट करा.

प्रश्न : फाइल उघडायला एंटर दाबलं की नाव बदलायला लागतं. आणि मी नक्की कुठल्या फोल्डरात आहे तेच कळत नाही.

एंटर म्हणजे इथे नाव बदलणं, चुकून दाबलंत तर एस्केप दाबा, आणि उघडायला कमांड-ओ. जागा कळायला व्ह्यू मेनूतून 'शो पाथ बार' चालू करा, खिडकीच्या तळाशी अख्खा रस्ता दिसतो, आणि वरच्या फोल्डरात जायला कमांड धरून वरचा बाण.